गाठींची संख्या हा निकाल नव्हे

"डोक्यात आठ गाठी आहेत ना, मग आता बारीकसारीक करत बसण्यात अर्थ नाही. पूर्ण मेंदूला दहा दिवस शेक द्या आणि घरी न्या." फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत पोचला की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात नातेवाइकांच्या कानावर पडतं. कधी ते ओपीडीच्या गर्दीत घाईघाईने बोललं जातं, कधी ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या, बैठकीत एखादे ज्येष्ठ सहकारी समजुतीच्या सुरात बोलतात. बोलणाऱ्याच्या मनात रुग्णाबद्दल कळकळ असते, याविषयी मला शंका नाही. पण कळकळीने सांगितलेली चूकही चूकच असते, आणि या चुकीची किंमत रुग्ण आपल्या स्मरणशक्तीने मोजतो. म्हणून तिचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे. पूर्ण मेंदूला किरणोपचार मी वर्षानुवर्षं दिलेले आहेत आणि गरज असेल तिथे आजही देते. माझा आक्षेप त्या उपचारावर नाही. गाठी मोजायच्या, चाराच्या वर गेल्या की बाकी काहीही न पाहता पूर्ण मेंदू किरणांखाली धरायचा, या सवयीवर आहे.

ही सवय आली कुठून, ते आधी पाहू. पूर्ण मेंदूला किरणोपचार देण्याची पद्धत १९५०च्या दशकात रुजली. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता; पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी लंडनमध्ये निघाला १९७१ साली. एमआरआय त्याच्याही नंतरचा. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, एक आहे की सहा, हे जिवंत माणसात नीट दिसण्याची सोयच नव्हती. जे दिसत नाही त्यावर नेम धरणार कसा? तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंनी किरण सोडायचे आणि सगळा मेंदू भाजून काढायचा, एवढंच हातात होतं. त्या काळच्या डॉक्टरांनी ते केलं आणि डोकेदुखी, उलट्या, झटके यांनी हैराण झालेल्या कित्येकांना त्यातून आराम मिळाला. ३० ग्रे डोस, दहा भागांत, सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे, हा हिशेब पुढे इतका अंगवळणी पडला की तो कुठल्या अंधारात ठरला होता याचा विसर पडला. आज एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा एमआरआय हातात असताना आपण जुन्या अंधाराचा नियम पाळत राहतो.

आता चार या आकड्याकडे वळू, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. चारपर्यंत गाठी असतील तर नेमका किरणोपचार, म्हणजे स्टीरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. पाचवी दिसली की पूर्ण मेंदू. हा आकडा मेंदूच्या रचनेतून आलेला नाही, किरणांच्या भौतिकशास्त्रातूनही नाही. तो आला आहे जुन्या चाचण्यांच्या प्रवेश अर्जातून. जपानमधल्या आओयामा यांच्या चाचणीत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, एक ते चार गाठींचे १३२ रुग्ण होते. अमेरिकेतल्या दोन गाजलेल्या चाचण्यांत एक ते तीन गाठींचे रुग्ण घेतले होते. संशोधकांनी कुठेतरी रेघ ओढायची म्हणून ओढली. पाच गाठींच्या रुग्णांवर हा उपचार करून पाहिला आणि तो फसला, असं एकाही चाचणीत झालेलं नाही. त्यांना आतच घेतलं नव्हतं. दाराशी थांबवलेल्या माणसाला नापास ठरवण्यासारखं हे आहे, आणि त्या नापासाच्या शिक्क्यावर आपण गेली वीस वर्षं माणसांची वर्गवारी करत आलो.

पाच ते दहा गाठींच्या रुग्णांना खरोखर आत घेतलं गेलं तेव्हा काय दिसलं? जपानमधल्या २३ केंद्रांत यामामोटो आणि सहकाऱ्यांनी ११९४ रुग्णांवर, पूर्ण मेंदूला किरण न देता, फक्त गॅमा नाइफने, म्हणजे नेमक्या किरणोपचाराच्या एका यंत्राने, उपचार केले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच गाठ असलेले रुग्ण मध्यकानुसार १३.९ महिने जगले. दोन ते चार गाठींचे १०.८ महिने. आणि पाच ते दहा गाठींचे? तेही १०.८ महिने. दोन ते चार आणि पाच ते दहा या दोन गटांत फरकच नव्हता. उपचाराचे त्रासही वाढले नव्हते.

यावर सहकारी म्हणतात, ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, निवडक रुग्णांचं निरीक्षण आहे. खरं आहे. त्या अभ्यासात हिंडता-फिरता येणारे रुग्ण घेतले होते. सर्वांत मोठी गाठ तीन सेंटिमीटरच्या आतली हवी होती आणि सगळ्या गाठींचं मिळून आकारमान १५ मिलिलिटरच्या आत हवं होतं. त्यामुळे पाच ते दहा गाठींच्या झाडून सगळ्या रुग्णांना तो लागू होत नाही, हे मी मान्य करते. पण माझे सहकारी ज्या अटींकडे बोट दाखवतात, त्याच अटी नीट वाचाव्यात. तिथे संख्येपेक्षा आकारमानाला महत्त्व दिलं आहे, आणि खरा धागा तोच आहे.

हिशेब साधा आहे. तीन सेंटिमीटर व्यासाच्या एका गोल गाठीचं आकारमान सुमारे १४ मिलिलिटर भरतं. आठ मिलिमीटर व्यासाच्या दहा गाठी एकत्र केल्या तरी तीन मिलिलिटरसुद्धा होत नाहीत. म्हणजे एका गाठीचा रुग्ण दहा गाठींच्या रुग्णापेक्षा पाचपट रोग डोक्यात घेऊन फिरत असू शकतो. तरी आपल्या फाइलींवर काय लिहिलेलं असतं? "मल्टिपल". एवढा एक शब्द, आणि त्याच्यापुढे कुणी मापपट्टी लावत नाही. एमआरआयच्या रिपोर्टात गाठींची संख्या असते, सर्वांत मोठीचा व्यास असतो, एकूण आकारमान जवळजवळ कधीच नसतं. निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा तोच कागदावर नाही, असा हा प्रकार आहे.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी तीही आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात चार ते पंधरा गाठींच्या ७२ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला नेमका किरणोपचार, दुसऱ्याला पूर्ण मेंदूचा. २०२०मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत चार महिन्यांनंतरची स्मरणशक्ती पहिल्या गटात टिकली होती, दुसऱ्या गटात घसरली होती. आयुर्मानात लक्षणीय फरक नव्हता. चाचणी छोटी आहे, ठरवल्यापेक्षा लवकर थांबली, तिच्यावर सगळा भार टाकू नये. पण पुराव्याचा काटा कुठल्या बाजूला झुकतो आहे हे दिसायला तेवढीही पुरेशी आहे. विरुद्ध बाजूने, म्हणजे पाच ते दहा छोट्या गाठींच्या धडधाकट रुग्णाला पूर्ण मेंदूच्या किरणांनी जास्त जगवलं असं दाखवणारा, तोलामोलाचा पुरावा माझ्या सहकाऱ्यांनी आजवर पुढे ठेवलेला नाही. पुरावा मागणाऱ्याने तो द्यायलाही हवा.

आता तंत्राबद्दल. "दहा गाठींवर दहा वेळा नेम धरायचा, एकदा तरी चुकणारच," ही शंका मी प्रामाणिक मानते, कारण पूर्वी ती रास्त होती. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली, पहिलं गॅमा युनिट, म्हणजेच गॅमा नाइफ, १९६८मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालं. डोक्याला धातूची चौकट स्क्रूने कवटीत घट्ट बसवायची, त्या चौकटीच्या मापाने गाठीचा पत्ता काढायचा. भारतात हे यंत्र १९९७मध्ये आलं. अचूक काम, पण गाठी जास्त असल्या की एकेका गाठीवर वेळ देता देता दिवस जायचा आणि रुग्ण चौकटीत अडकून पडायचा. म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी संख्येला मर्यादा घातली असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

आज लिनॅकवर, म्हणजे किरणोपचाराच्या नेहमीच्या यंत्रावर, हेच काम वेगळ्या रीतीने होतं. रुग्णाच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा मास्क बसवतात, तो थंड होऊन चेहऱ्याच्या आकारात कडक होतो. गॅडोलिनियम देऊन काढलेला बारीक कापांचा एमआरआय आणि प्लॅनिंगचा सीटी एकमेकांवर बसवून प्रत्येक गाठीची कड आखतात. मग मेंदूत एकच मध्यबिंदू धरून, यंत्राचा हात डोक्याभोवती फिरत असताना, किरणांच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या क्षणाक्षणाला सरकवत सगळ्या गाठींना एकाच बैठकीत डोस दिला जातो. टेबलावरचा वेळ पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी, अर्ध्या तासाच्या आसपास.

या एका मध्यबिंदूतच खरी जोखीम आहे, आणि इमेज गायडन्सचं, म्हणजे चित्रं काढून नेम तपासण्याचं, काम इथे सुरू होतं. डोकं एक अंश जरी वळलं, तर मध्यबिंदूपाशी असलेल्या गाठीला काही होत नाही. पण तिथून सहा सेंटिमीटर दूर असलेली गाठ एक मिलिमीटरने सरकते. सहा मिलिमीटरच्या गाठीसाठी एक मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. म्हणून उपचाराच्या आधी, रुग्ण टेबलावर असतानाच, त्याच यंत्राने कोन बीम सीटी काढतात, तो प्लॅनिंगच्या सीटीशी ताडून पाहतात, आणि टेबल पुढे-मागे, वर-खाली, आडवं सरकवून शिवाय तिन्ही दिशांनी किंचित कलवून फरक काढून टाकतात. काही केंद्रांत उपचार चालू असताना कॅमेरे चेहऱ्याचा पृष्ठभाग पाहत राहतात. डोकं ठरल्याबाहेर हललं की किरण थांबतात.

"एवढी चित्रं कशाला, गाठीभोवती थोडी जास्त जागा धरली की झालं," असंही ऐकलं आहे. या वाक्यातलं गणित एकदा करून पाहावं. सहा मिलिमीटरच्या गाठीभोवती दोन मिलिमीटरची सुरक्षित कड धरली तर किरणांखालचं आकारमान साडेचारपटीहून जास्त होतं. एक मिलिमीटरची धरली तर जवळजवळ २.४ पट. कड जितकी जाड, तितका निरोगी मेंदू जास्त डोसात सापडतो, आणि पुढे काही महिन्यांनी तिथे पेशी मरून सूज येण्याचा, म्हणजे रेडिओनेक्रोसिसचा धोका वाढतो. गाठी दहा असतील तर ही वाढ दहा ठिकाणी होते. म्हणजे गाठींची संख्या जितकी जास्त, तितकी चित्रांची गरज जास्त. गाठी अनेक म्हणून बारीक काम सोडा, या युक्तिवादाला भूमिती नेमकं उलट उत्तर देते.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. यंत्राचं नाव मोठ्या फलकावर लावून "एका दिवसात ट्यूमरमुक्त" अशी जाहिरात करणारे आमच्यात आहेत. ही फसवणूक आहे. पसरलेला कॅन्सर एका दिवसात कुणालाही सोडून जात नाही. आणि महागडं यंत्र असूनही महिनाभरापूर्वीच्या एमआरआयवर प्लॅन करणारी केंद्रं मला माहीत आहेत. मेंदूतल्या गाठी तेवढ्या काळात वाढतात, नव्या उगवतात. जुन्या नकाशावर धरलेला नेम कितीही अचूक असला तरी तो चुकीच्या जागी बसतो. उपचाराच्या दिवशी एमआरआय फार तर एक-दोन आठवड्यांचा असावा, याबाबत तडजोड नको. ज्या केंद्राला हे पाळता येत नाही त्याने हा उपचार देऊ नये, असं मी स्पष्ट म्हणते.

सहकाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आता घेते. दिसणाऱ्या गाठी म्हणजे सगळा रोग नव्हे. न दिसणाऱ्या पेशी मेंदूत विखुरलेल्या असतात. फक्त दिसणाऱ्यांवर उपचार केला तर नव्या उगवणारच. होय, उगवतात. आओयामा यांच्याच चाचणीत, नेमक्या उपचारासोबत पूर्ण मेंदूलाही किरण दिलेल्या गटात वर्षभरात ४६.८ टक्के रुग्णांच्या मेंदूत रोग पुन्हा दिसला. फक्त नेमका उपचार झालेल्यांत ७६.४ टक्के. फरक मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण आयुर्मान? पहिल्या गटात ७.५ महिने, दुसऱ्यात ८. युरोपातल्या ३५९ रुग्णांच्या चाचणीत, २०११ साली, हेच पुन्हा दिसलं: पूर्ण मेंदूच्या किरणांनी मेंदूतला रोग जास्त आवरला, पण माणूस जास्त जगला नाही, आणि स्वतःचं स्वतः करण्याची त्याची क्षमताही जास्त काळ टिकली नाही. कारण नवी गाठ दिसली की तिच्यावर पुन्हा नेमका उपचार करता येतो. जी गाठ कदाचित उगवेल तिच्यासाठी आज सगळा मेंदू खर्ची घालायचा, की लक्ष ठेवून उगवेल तिला गाठायचं, असा हा प्रश्न आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करायची तयारी असेल तर मी दुसरा रस्ता निवडीन, आणि माझ्या घरच्यांसाठीही तोच निवडीन.

"खर्ची घालायचा" हे शब्द कुणाला भडक वाटतील. मग आकडेच पाहा. एम. डी. अँडरसनमध्येच एक ते तीन गाठींच्या ५८ रुग्णांची एक चाचणी झाली. रुग्णाला बारा शब्द वाचून दाखवतात, तो किती परत सांगतो ते पाहतात, थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. अगदी साधी परीक्षा. चार महिन्यांनी, फक्त नेमका उपचार झालेल्यांत ही क्षमता घसरण्याची शक्यता २४ टक्के होती, त्यात पूर्ण मेंदूचे किरण जोडलेल्यांत ५२ टक्के. फरक इतका उघड होता की देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवली. निष्कर्ष २००९ मध्ये आले. पुढे २०१६ मध्ये २१३ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तीन महिन्यांनी बौद्धिक क्षमता घसरलेले रुग्ण फक्त नेमक्या उपचाराच्या गटात ६३.५ टक्के होते, पूर्ण मेंदूचे किरण जोडलेल्या गटात ९१.७ टक्के. जवळजवळ सगळेच.

बारा शब्द विसरले तर काय बिघडलं, असं वाटणाऱ्याने अशा रुग्णाच्या घरात जरा वेळ बसावं. झटक्याची गोळी घेतली की नाही, हे आठवत नाही म्हणून दोनदा घेतली जाते. गॅस चालू राहतो. बोलता बोलता नातवाचं नाव जिभेवर येत नाही आणि माणूस गप्प होतो, मग हळूहळू बोलणंच कमी करतो. घरचे म्हणतात, आजारानं थकलेत. आजाराने किती आणि आमच्या उपचाराने किती, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. संमतीपत्रावर केस गळतील, थकवा येईल, एवढं लिहिलेलं असतं. एका मुलीने मला उपचाराआधी विचारलं होतं, "डॉक्टर, बाबा मला ओळखतील ना शेवटपर्यंत?" या प्रश्नाचं उत्तर गाठींच्या संख्येवरून देता येत नाही.

"शेवटपर्यंत म्हणजे किती? तीन-चार महिने. त्यात स्मरणशक्तीचा प्रश्न येतोच कुठे?" हा मुद्दा मला सर्वांत अस्वस्थ करतो. तीन महिन्यांत जो जाणार आहे त्याने ते तीन महिने आपल्या माणसांना ओळखत काढू नयेत, असं ठरवणारे आपण कोण? शिवाय तीन-चार महिने हा हिशेबही आता शिळा झाला आहे. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. ईजीएफआरचा बदल भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त प्रमाणात सापडतो, म्हणजे हा बदललेला हिशेब आपल्या ओपीडीत अधिक लागू आहे. हर-टू पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरचीही गोष्ट तीच. जनुकांची माहिती धरून आयुर्मानाचा अंदाज बांधणारी जी मोजपट्टी २०१७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी प्रसिद्ध झाली, तिच्यातल्या सर्वांत चांगल्या गटाचं मध्यक आयुष्य मेंदूत रोग पसरल्यानंतरही चार वर्षांच्या जवळ होतं. अशा रुग्णाचा मेंदू पहिल्याच आठवड्यात सरसकट किरणांखाली धरला, तर पुढची वर्षं तो कसल्या मनाने जगणार?

आणि ज्यांचं आयुष्य खरोखरच आठवड्यांत मोजावं लागेल त्यांचं काय? माझे सहकारी म्हणतात, त्यांना तरी पूर्ण मेंदूचा शेक द्यायलाच हवा. नेमकं हेच ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वार्ट्झ चाचणीने तपासलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ५३८ रुग्ण, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार योग्य नव्हता असे. अर्ध्यांना स्टेरॉइड आणि आधाराचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत पूर्ण मेंदूचे किरण. आयुष्य ८.५ आठवडे आणि ९.२ आठवडे. जगण्याच्या गुणवत्तेचा हिशेब धरला तर फरक पाच दिवसांच्या आत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाच दिवसांहून कमी फायद्यासाठी दहा दिवस टेबलावर नेणं, ही माया नाही. म्हणजे सवयीचा हा उपचार दोन्ही टोकांना चुकतो: जो बराच जगणार आहे त्याच्याकडून तो जास्त घेतो, आणि जो लवकर जाणार आहे त्याला जवळजवळ काहीच देत नाही.

मधे जागा उरते, आणि ती छोटी नाही. मेंदूच्या आवरणात पसरलेला रोग, राईच्या दाण्यांसारख्या पंचवीस-तीस गाठी, एकूण आकारमान फार मोठं असणं, नेमक्या उपचारानंतर झपाट्याने पुन्हा पुन्हा उगवणं: इथे पूर्ण मेंदूचे किरण हाच योग्य उपचार ठरू शकतो. पण तिथेही जुन्या पद्धतीने देण्याचं कारण नाही. स्मृतीचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस, दोन्ही बाजूंचा, बाजूला राखून बाकीच्या मेंदूला डोस देता येतो. गाठ त्याच्या अगदी शेजारी नसली म्हणजे झालं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत, सगळ्यांना मेमँटीनची गोळी चालू असताना, हिप्पोकॅम्पस राखलेल्या गटात बौद्धिक घसरणीचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला. रोग आवरण्यात आणि आयुष्यात फरक पडला नाही. मेमँटीन ही डिमेन्शियासाठी वापरली जाणारी, आपल्याकडे सहज मिळणारी गोळी आहे. ती लिहून द्यायला कुठलंही यंत्र लागत नाही, तरी ती लिहिली जात नाही.

राहता राहिला पैशाचा आणि गावाचा मुद्दा. हा मुद्दा मांडणाऱ्यांचं मी सर्वांत लक्ष देऊन ऐकते, कारण मुंबईच्या परळमध्ये टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर कोण राहतं हे आपण सगळे पाहतो. पण हिशेब पुरा करावा. गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा माणूस पूर्ण मेंदूच्या उपचारासाठी शहरात आला की दोन आठवडे अडकतो. सोबत एक घरचा, त्याची मजुरी बुडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नेमका उपचार एका दिवसात, मोठी गाठ असेल तर तीन ते पाच दिवसांत संपतो. त्यासाठी गॅमा नाइफच हवी असंही नाही. कोन बीम सीटी जोडलेले लिनॅक महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेरही आहेत. कमतरता आहे ती प्लॅनिंगला वेळ देणाऱ्या फिजिसिस्टची, बारीक कापांच्या एमआरआयची, आणि कुणीतरी प्रत्येक गाठ मोजण्याची. दहा गाठी आखायला, तपासायला वेळ लागतो. तो वेळ द्यायचा कंटाळा आणि "रुग्णाला परवडत नाही" ही दोन वेगळी कारणं आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

एक अडचण मात्र मी कमी लेखणार नाही. नेमका उपचार घेणाऱ्याला दर दोन-तीन महिन्यांनी गॅडोलिनियमचा एमआरआय हवा. तो चुकला आणि नवी गाठ वाढून झटका आला, तर माझा सगळा युक्तिवाद त्या घरापुरता कोसळतो. ज्याचं परत येणं खरोखर अशक्य आहे, त्याच्याशी मी हे उघड बोलते आणि कधी कधी आम्ही दोघं मिळून पूर्ण मेंदूचा रस्ता निवडतो, हिप्पोकॅम्पस राखून. पण तो निर्णय त्याच्या परतीच्या वाटेवरून झालेला असतो, गाठींच्या संख्येवरून नाही, आणि तो त्याला विचारून झालेला असतो.

म्हणून सरकारी आरोग्य योजनांत मेंदूच्या किरणोपचाराला मंजुरी देताना त्याच्या पुढच्या एमआरआयचीही मंजुरी त्याच वेळी द्यावी, आणि तो एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावा. त्याची चित्रं मोठ्या केंद्रात पाहता येतात. २०१२मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून दूरच्या रुग्णांवर एकत्र चर्चा करण्याची सोय आज आहेच. आणि ट्यूमर बोर्डाच्या फॉर्मवर, जिथे आज "गाठींची संख्या" असा रकाना आहे, तिथे त्याच्याशेजारी एकूण आकारमान, एमआरआयची तारीख, मूळ कॅन्सरचे जनुकीय निकाल आणि रुग्ण स्वतःचं स्वतः किती करतो, हे चार रकाने वाढवावेत. ते भरल्याशिवाय पूर्ण मेंदूच्या किरणांवर सही होऊ नये. माझ्या सहकाऱ्यांना हे मान्य नसेल, तर आठ छोट्या गाठींच्या, स्वतःच्या पायांनी ओपीडीत चालत आलेल्या रुग्णाला त्याची स्मरणशक्ती कशाच्या बदल्यात मागितली जात आहे, हे त्यांनी त्याच्या समोर बसून, आकड्यांसकट सांगावं.